हिचं मीठ

४ मार्च

डॉक्टरांनी आज हिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि म्हणाले, "एकशे अठ्ठावन्न, चौऱ्याण्णव." हिला काहीच वाटलं नाही. मला मात्र खुर्ची ओढून बसावं लागलं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, एकसष्टाव्या वर्षी होतं असं. रोज सकाळी एक छोटी पांढरी गोळी. तिच्यामुळे अंगातलं जादा मीठ आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. जेवणात मीठ थोडं कमी. आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासून घ्यायचं.

"थोडं म्हणजे किती ग्रॅम?" मी विचारलं.

"थोडं म्हणजे थोडं. वरून घेऊ नका, एवढंच."

वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे उत्तर पुरत नाही. "साहेब, काटा थोडाच कमी दाखवतो," असं म्हणणाऱ्या दुकानदारांचे काटे मी जागच्या जागी जप्त केलेले आहेत.

येताना रक्तदाब मोजायचं यंत्र विकत घेतलं. परवा दादाला जाऊन आठ महिने होतील. त्याने आयुष्यात कधी मोजलाच नव्हता. असो.

५ मार्च

आजपासून स्वयंपाक माझ्याकडे. मला वाटलं होतं ही भांडेल. ही शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "घ्या की. रिटायर तुम्ही झालात, मी नाही. माझ्यापुढे दोन कोट आणि शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा पडलाय."

खात्यातून निघताना सहकाऱ्यांनी मला एक पितळी तराजू भेट दिला होता. जानेवारीपासून तो कपाटावर धूळ खात होता. आज खाली काढला, पुसला, शून्यावर आणला. दोघांचं दिवसाचं मीठ मिळून चार ग्रॅम. कागदाच्या पुडीत बांधून ओट्यावर ठेवलं. किती दिवसांनी सकाळ कशी गेली ते कळलं नाही.

८ मार्च

"हे सूप आहे की पातेलं विसळलेलं पाणी?" ही म्हणाली.

मी म्हटलं, जिभेला सवय लागायला वेळ लागतो.

"जिभेला नाही, नवऱ्याला," ही म्हणाली, पण वाटी संपवली.

१२ मार्च

एका मासिकात वाचलं की भरपूर पाणी प्यायलं की शरीर धुऊन निघतं. हिच्यासाठी एक लिटरच्या तीन बाटल्या आणल्या आणि त्यांवर वेळ लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावल्या. सकाळची, दुपारची, संध्याकाळची. मीठ चारावरून दोन ग्रॅमवर आणलं होतं. आज बंदच करून टाकलं. शून्य हा एकच आकडा असा आहे की ज्यात मापायची चूक होऊ शकत नाही.

मीही बिनमिठाचंच खातो. हिने एकटीने का सोसायचं? खरं सांगायचं तर अळणी उकडलेला बटाटा म्हणजे तोंडात ओला खडू. पण हे कुठे बोललो नाही.

१९ मार्च

एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी! दोनदा मोजलं. आलेख काढून फ्रीजवर लावला.

आज रक्त तपासायला जायचं होतं. हिला सुईची भीती. आकडा सुंदर उतरतोय, मग उगाच टोचून घ्यायचं कशाला, असं मीच म्हटलं. ही खूश झाली. मग घरी बसून गणवेशांची काजं केली तिने. मी बटणं रंगांप्रमाणे वेगळी करून दिली.

समोरच्या वहिनींकडे ही रोज चारला जाते. तासभर गप्पा मारून येते, चेहरा खुललेला असतो आणि आल्या आल्या आपणहून दोन पेले पाणी घटाघटा पिते. पाण्याची सवय लागली म्हणायची. मला फार समाधान वाटतं.

२८ मार्च

विश्वासघात झाला आहे.

टेप शोधायला शिवणयंत्राचा खण उघडला, तर बॉबिनच्या डब्यामागे खाऱ्या दाण्यांच्या तीन पुड्या. एक अर्धी खाल्लेली. पुडीच्या तळाशी मीठ असं लखलखत होतं!

"कुठून आल्या या?"

ही सुईत दोरा ओवत राहिली.

"वहिनींकडून ना? रोज चारला हेच चालतं तिकडे?"

"अहो, जिभेला दिवसातून एकदा तरी कळू दे ना ती जिवंत आहे म्हणून," ही म्हणाली. "मला खरंच बरं वाटतं खाल्लं की. डोकं हलकं होतं."

मी तडक समोर गेलो. वहिनी एकट्या राहतात, स्वभावाने मऊ. त्या म्हणाल्या, "भाऊजी, चार दाण्यांनी काय आभाळ कोसळतंय?" मी म्हटलं, "वहिनी, माझा भाऊ याच आजाराने जेवणाच्या ताटावरून उठला नाही. तुम्हाला हिचं भलं हवं असेल तर एक दाणासुद्धा द्यायचा नाही." आवाज चढला माझा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण मापात कसूर नको म्हणजे नको.

पुड्या कचऱ्यात टाकल्या. ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. नुसतं यंत्र चालत होतं.

२ एप्रिल

एकशे अठरा, शहात्तर. पंचविशीतल्या खेळाडूचा आकडा! लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईचा आवाज थकलेला का वाटतोय?" मी म्हटलं, अगं, गणवेशांची घाई आहे.

हिचं डोकं दुखतंय दोन दिवस. बाटली संपवायला लावली.

५ एप्रिल

एक विचित्र गोष्ट. हिने आज कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. चाळीस वर्षं शिवतेय, असं कधी झालेलं नाही. मी दाखवलं तर कोटाकडे बघत राहिली, जणू दुसऱ्याच कुणीतरी शिवलाय. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, "उसवते." आणि तशीच बसून राहिली, कात्री हातात धरून.

७ एप्रिल

दोनदा उलटी झाली. जेवण नको म्हणते. पोटात काही नाही, निदान पाणी तरी जाऊ दे, म्हणून थोडं थोडं करून चौथी बाटलीही पाजली. गोळी चुकवली नाही.

वहिनी दारात आल्या होत्या. आत आल्या नाहीत. "कशी आहे?" एवढंच. मी म्हटलं, पित्त झालंय.

९ एप्रिल

हे लिहायला हात धजत नाही.

दुपारी ही भिंतीला धरून चालत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "अण्णा, गाडी किती वाजता आहे?"

अण्णा म्हणजे हिचे वडील. जाऊन वीस वर्षं झाली. मी म्हटलं, "अगं, मी आहे." तिने माझ्याकडे असं सौजन्याने बघितलं, जसं आपण अनोळखी माणसाकडे बघतो. थोड्या वेळाने म्हणाली, "हो हो. तुम्हीच." पण ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाली होती.

हिची आईसुद्धा शेवटी अशीच झाली होती. मुलींची नावं विसरली, मग स्वतःचं. ती मात्र ऐंशीची होती. ही एकसष्टची आहे. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात बसलो.

लेकीला सांगितलं. ती एकदम म्हणाली, "बाबा, रक्त तपासलं होतं का तुम्ही?" मी म्हटलं, तो विषय वेगळा, तो रक्तदाबाचा, हे डोक्याचं आहे. ती म्हणाली, "मी परवा निघते. तोपर्यंत उद्या आईला डॉक्टरांकडे न्या."

सकाळी नेतो.

११ एप्रिल

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहितोय. काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो.

काल सकाळी नऊला हिला उठवायला गेलो. उठेना. हाक मारली, खांदा हलवला. डोळे अर्धे उघडे, नजर कुठेच नाही. आणि मग तिचं अंग ताठ झालं, दात आवळले, हातपाय झटके देऊ लागले. मी काय केलं ते आठवत नाही. वहिनी सांगतात, मी दारात उभा राहून नुसता "वहिनी, वहिनी" असं ओरडत होतो. त्यांनीच हिला कुशीवर वळवलं, त्यांनीच गाडी बोलावली. पायऱ्यांवरून खाली नेताना हिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

इथल्या डॉक्टरबाई तरुण आहेत, लेकीपेक्षाही लहान असतील. त्यांनी रक्त घेतलं. पाऊण तासाने बाहेर आल्या.

"यांच्या रक्तातलं मीठ फार उतरलंय. एकशे पस्तीस तरी हवं, ते एकशे बारा आहे. घरी काय काय खातात?"

मी म्हटलं, "मीठ अजिबात नाही. मी स्वतः करतो. एक कणसुद्धा जाऊ देत नाही." हे मी अभिमानाने म्हटलं. देवा, अभिमानाने म्हटलं!

"आणि पाणी?"

"तीन लिटर. मोजून."

"गोळ्या?"

मी खिशातली पट्टी काढून दिली. त्यांनी ती बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग माझ्या शेजारी बाकावर बसल्या. 

"काका, ही गोळी मीठ बाहेर टाकते. तुम्ही आत जाऊ दिलं नाहीत. वरून पाणी घातलंत. रक्त पातळ पडलं. मग ते पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात. बाकी अंगात फुगायला जागा असते. डोक्यात नसते, कवटी हाडाची आहे."

मी विचारलं, "म्हणजे ते विसरणं, तो तोल, त्या बाह्या..."

"कसल्या बाह्या?"

मी सांगू शकलो नाही.

मग म्हटलं, "मग लगेच मीठ चढवा. जितकं लागेल तितकं. आत्ता."

त्या म्हणाल्या, "झटके थांबण्यापुरतं खारं पाणी थोडं जोरात दिलंय. आता सावकाश जायचं. दिवसाला आठ अंकांच्या वर नाही. एकदम वाढवलं तर फुगलेल्या पेशी एकदम आक्रसतात आणि ते नुकसान कधीच भरून येत नाही. घाई केली तर मीच यांना अपंग करेन."

"आणि बऱ्या होतील ना?"

"बघू," त्या म्हणाल्या. खऱ्या माणसाचं उत्तर होतं ते. त्यामुळे जास्त भीती वाटली.

११ एप्रिल, संध्याकाळ

काचेतून दिसते. बाटलीतून नळीत, नळीतून हिच्या हातात, एकेक थेंब. परिचारिका दर चार तासांनी रक्त घेते. एकशे पंधरा. एकशे सतरा. मग एकशे अठराला अडकलं. मी आकड्यांवर डोळे लावून बसलोय आणि पहिल्यांदाच आयुष्यात काटा हळू चढावा म्हणून प्रार्थना करतोय, आणि लगेच, जरा लवकर चढ म्हणूनही.

वहिनींनी पाव आणून दिला. म्हणाल्या, "भाऊजी, चूक माझीच. तुम्ही रागावलात म्हणून मी दाणे द्यायचे बंद केले. ती दोनदा मागायला आली होती. मी दार लोटून घेतलं."

 मी त्यांचे हात धरले. नंतर डॉक्टरबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, "बहुतेक त्या दाण्यांवरच तीन आठवडे निभावलं."

विश्वासघात, असं मी लिहिलं होतं.

१२ एप्रिल

एकशे एकवीस. डोळे उघडते, मिटते. परिचारिकेने बोट दाबायला सांगितलं तर दाबलं.

लेक आली. मला मिठी मारली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, डॉक्टर थोडं कमी म्हणाले होते. थोडं."  ती पुढे म्हणाली, "आई बरी झाली की मी तिला माझ्याकडे नेणार. निदान तीन महिने."

मी म्हटलं, "ने." याच्यावर काही म्हणायचा मला हक्क नाही.

१३ एप्रिल

एकशे सत्तावीस.

दुपारी सव्वाबारा वाजता ही बोलली. मी पलंगाशेजारी उभा होतो. ही बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता अण्णा म्हणेल. घसा खाकरून म्हणाली, "शर्टाची बटणं एक घर सोडून लावलीत."

मी खाली बघितलं. खरंच.

मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो आणि रडलो. एक झाडूवाली बाई थांबून म्हणाली, "गेलं का कुणी?" मी म्हटलं, "नाही हो, आलं." ती बिचारी गोंधळून पुढे गेली.

१५ एप्रिल

एकशे चौतीस. नळी काढली. ती पांढरी गोळी कायमची बंद, दुसरी वेगळ्या जातीची सुरू केली. डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं: साधं घरचं जेवण, बेताचं मीठ, तहान लागेल तेवढं पाणी. दर आठवड्याला रक्त.

मी वही काढली. त्या म्हणाल्या, "काका, वही नको. यांना विचारा कसं वाटतंय ते."

हे मला खरंच कधी सुचलं नव्हतं. दिवसातून तीन वेळा यंत्र लावायचो, पण विचारलं नव्हतं.

१७ एप्रिल

घरी आलो. मी सकाळीच हिची बॅग भरून ठेवली होती. साड्या, चष्मा, टेप, गोळ्या, लेकीकडे लागेल म्हणून शाल. नीट घड्या घातल्या. फ्रीजवरचा आलेख काढून टाकला.

ही आत आली, बॅग बघितली. "कोण निघालंय?"

लेक म्हणाली, "आई, तू माझ्याकडे चल. बाबांच्या हाती मी तुला ठेवणार नाही."

ही खुर्चीत बसली, श्वास घेतला. मग लेकीला म्हणाली, "इकडे बस. तुझ्या काकांना कोणी उचललं होतं, माहितीये? यांनी. ताटावरून. हात खरकटे होते त्यांचे. तेव्हापासून हा माणूस घाबरलाय. कुणाला बोलला नाही. मी आजारी पडले तेव्हा याला करायला काहीतरी मिळालं."

"म्हणून काय तुला मारायचं?"

"मीही गप्प बसलेच ना! मला बरं वाटत नव्हतं तेव्हा ताट ढकलून द्यायला हवं होतं. पण सकाळी उठून हे तराजू पुसायचे तेव्हा तोंडावर तेज यायचं गं. जानेवारीपासून तोंड बघवत नव्हतं यांचं. म्हटलं, चालू दे. दाणे आहेत."

मी खिडकीशी उभा होतो. मी घाबरलेलो होतो, हे मला हिच्याकडून कळलं. मला वाटत होतं मी काळजी घेतोय.

लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मग उठून तिनेच बॅग उपसली. जाताना मला म्हणाली, "बाबा, मी रोज फोन करणार. आईशीच बोलणार." मग मात्र मिठी मारली.

२० एप्रिल

स्वयंपाक आता दोघांचा. मी चिरतो, ही बसल्या बसल्या सांगते. आज भाजीत मीठ हिने घातलं, बोटांच्या चिमटीने, न बघता. मी "किती?" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. जेवलो. सव्वा महिन्याने भाजीला भाजीची चव होती. दोघांनीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

वहिनींना चारला बोलावलं आहे उद्यापासून, आमच्याकडे. मी स्वतः जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पुरे हो भाऊजी, किती वेळा."

२४ एप्रिल

हिचं रक्त बघायला गेलो. एकशे अडतीस. बोलणं, चालणं, हिशेबीपणा, टोमणे, सगळं जागेवर. नेहमीच्या डॉक्टरांनी झालेलं सगळं ऐकून डोक्याला हात लावला. म्हणाले, तपासणीला आला नाहीत तेव्हा मीच फोन करायला हवा होता. दोन शब्द मला बोलले, ते मी ऐकून घेतले.

निघताना ही म्हणाली, "डॉक्टर, जरा यांचाही बघा."

मी म्हटलं, "माझं काय बघायचंय? मला काही होत नाही."

"घरात यंत्र आणून दीड महिना झाला. स्वतःला एकदा लावलंय तुम्ही?"

डॉक्टरही थांबले. मी बाही वर केली. डॉक्टरांनी पट्टा आवळला.

"एकशे छप्पन्न, अठ्ठ्याण्णव," डॉक्टर म्हणाले.

 मग ही हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग उघडउघड, डोळे पुसत. डॉक्टरही हसले. आणि का कोण जाणे, मलाही एकदम मोकळं वाटलं. इतके महिने ज्या आकड्याची धास्ती होती तो शेवटी समोर येऊन उभा राहिला, आणि डॉक्टर म्हणत होते की हा काबूत येणारा आहे, वेळेवर सापडला.

"मीठ किती द्यायचं यांना?" हिने विचारलं.

"थोडं कमी."

"कळलं," ही म्हणाली. बास. पुढे एक प्रश्न नाही.

बाहेर रस्त्यावर गर्दी होती. ओलांडताना हिने माझा हात धरला. छत्तीस वर्षांत चारचौघांत कधी धरला नव्हता. पलीकडे पोहोचल्यावर सोडेल असं वाटलं, पण सोडला नाही. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर लगेच सोडला असता तिने, मला माहीत आहे.